दिव्याखाली

तीन दिवे आणलेत, पसंत पडला तर ठेवायचा या बोलीवर.
ग्विलिम म्हणाला, चिखल लागला नाही
तर शनिवारपर्यंत परत घेईन.
तिन्ही आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
पावाच्या चुऱ्यात, बाबांच्या गोळ्यांच्या डबीशेजारी.
खिडकीबाहेर टावे नदी, आणि तिच्यापलीकडे तो डोंगर
ज्याच्या पोटात मला जायचंय.

बाबांनी एकेक उचलला,
अंडं पारखावं तसा कानाशी हलवला.
"पाणी कुठून शिरेल ते आधी बघ, नेस्टा,
उजेड कुठून निघेल ते मागाहून."

पहिला पंधराशे ल्युमेनचा.
जिन्याखालच्या कोठडीत, झाडू-बादल्यांमध्ये,
दार लावून पेटवला.
सगळं पांढरं. कोळ्याच्या जाळ्यासकट पांढरं.
पण बादली किती खोल ते कळेना.
सावलीच उरली नाही तर खोली कशानं मोजायची?
आणि गुहेत थंडी असते, तोंडातून वाफ निघते.
एवढ्या उजेडात माझाच श्वास
माझ्यापुढे भिंत होऊन उभा राहील.

दुसरा हलका. देखणा.
बाबांनी माझे हातमोजे काढून घेतले,
भांड्यांच्या पाण्यात बुचकळले,
परत माझ्या हातांत चढवले.
"आता लाव."
बटण सापडेना.
"आता मर," ते म्हणाले, आणि खोकले.
किंवा हसले. हल्ली दोन्हीचा आवाज एकच येतो.

त्यांचा स्वतःचा दिवा अजून परसात खिळ्याला आहे.
नंबर एकशे सत्त्याऐंशी.
कमरेला शिशाची बॅटरी, पाठीवरून चढणारी केबल.
आम्ल गळायचं.
तेहेतीस वर्षं आई विजारीला एकाच जागी ठिगळ लावत होती,
मांजराच्या कानाएवढं.

खाण बंद झाली, तेव्हा दिवाघरातले दिवे
दीड पौंडाला एक असे गेले.
नेले ते गुहांत उतरणाऱ्या पोरांनी,
आणि बाबांना ते कधीच उमजलं नाही:
पगार नाही, कोळसा नाही,
आपण होऊन कोण जातं खाली?
मी एकोणीस वर्षांची होते,
त्यांनी विचारलं होतं,
"तिथं जाऊन काय उजेड पाडणार आहेस?"
आज पुन्हा तेच विचारतात,
फक्त आज खरोखरच विचारतात:
किती मीटर? किती तास?

तिसरा बेढब.
बॅटरी मागे, पुढे दोन भिंगं,
एक लांबचं बघणारं, एक पायापुरतं पसरणारं.
हेल्मेटवर चढवला तर मान पुढे झुकत नाही.
सगळ्यांत मंद पायरीवर चाळीस तास.
चाळीस तास कशाला लागतील
ते दोघांपैकी कोणीच बोललं नाही.

"आता माझ्याशी बोल."
मी त्यांच्याकडे वळले.
त्यांनी हात आडवा धरला.
"तोंडावर नाही मारायचा कधी. खांद्यावर ठेवायचा.
आमच्या पाळीला चोपन्न माणसं,
मी त्यांना खांद्यांवरून ओळखायचो."

मी मान जराशी तिरकी केली.
लोकरी स्वेटरखाली हाड. एवढंसं.
आणि कडेच्या उरल्यासुरल्या उजेडात
त्यांचा चेहरा, मला हवा होता तेवढा.

दिव्याखाली अंधार म्हणतात ना,
या दिव्याखाली मीच असणार.
मी कशी दिसते, थकले का, घाबरले का,
ते सोबतच्याच्या दिव्याला ठाऊक.

"सुटे दोन वेगळे घे. खिशात नाही, गळ्यात."
घेईन म्हटलं.
तिसरा दिवा खोक्यात ठेवून
मी चहाचं पाणी टाकायला उठले.
वळून बघते तर बाबा खिडकीपाशी,
जिरेनियमच्या कुंडीत अंगठा खुपसून.
ओल्या मातीचा तो अंगठा त्यांनी
दिव्याच्या काठावरून सावकाश फिरवला,
पुसला नाही.

"घे. आता परत घेणार नाही तो."