उलट क्रमाने

महिन्यातून एक गुरुवार औशाला.
खोली मिळते पोषण आहाराची.
तांदळाच्या पोत्यावर माझी बॅग,
मूगडाळीच्या डब्यावर स्टॉपवॉच,
आणि समोर, विटांवर फळी टाकून केलेल्या बाकावर
दस्तगीर इस्माईल तांबोळी, चौथी ब.
हंगरगे सरांची चिठ्ठी त्याच्या खिशातून निघते,
चार घड्या, घामानं मऊ:
'लक्ष नसते. वाचन शून्य. मंद वाटतो. बघावे.'

बघते.
आधी नखं. काताचा रंग बसलेला.
'टपरीवर असतोस?'
'कवळ्या बांधतो.'
एका कवळीत पानं किती, शेकड्याला भाव काय,
शिळी किती निघाली, फाटक्यांचे पैसे
बागवाल्याकडून कसे कापून घ्यायचे,
सगळं न अडखळता.
मग मी वाचनाचा कागद पुढं करते
आणि घराचं धर होतं,
भाताचं मात,
बोट ओळीवरून घसरतं,
कान लाल.

ठोकळे. नऊ, लाल-पांढरे.
मी घड्याळ दाबते.
तो आधी ठोकळे पुसतो, शर्टाच्या कडेनं, एकेक.
पुसण्यात गेलेले अठरा सेकंद
कुठल्या रकान्यात लिहायचे?

नळाचं चित्र. 'ह्यात काय राहिलंय?'
'पाणी.'
उत्तरसूची म्हणते: नळाची चावी.
औशात बसून मी शून्य लिहिते,
मग समासात, पेन्सिलीनं, बारीक: बरोबर.

'सातचा पाढा येतो?'
'आता.'
मी थांबते. तो माझ्याकडे बघत थांबतो.
जरा वेळानं माझ्या डोक्यात उजाडतं:
ह्याच्या घरात दखनी.
तिथं 'आता' म्हणजे 'येतो'.
म्हणजे सर जूनपासून
खडू हातात धरून उभे,
हा 'आता' कधी येणार म्हणून.

मग आकडे. मी म्हणेन ते उलट म्हणायचे.
तीन आठ. आठ तीन.
सहा एक नऊ. जमतं.
चारला अडतो, पाचला दोनदा चुकतो.
नियम आहे, दोनदा चुकलं की थांबा.
मी थांबते. तो थांबत नाही.
'मॅडम, मला दहा येतात.'
पोत्याकडे बघत, एका दमात,
शून्यापासून सुरू करून दहा.
परत एकदा. तेच दहा, तसेच.
'कुणाचा नंबर रे?'
'अम्मीचा.'
बाहेर डाळीला उकळी आलेली,
मावशी पदरानं झाकण उचलतात.
'सीधा लावला तर बाई बोलते, बंद आहे म्हणून.
उलटा कुणी लावूनच नाही बघितला.'

पुढचा प्रश्न मला पाठ आहे:
तेव्हा तुला कसं वाटतं?
तो मी विचारत नाही. पुढच्या गुरुवारी, कदाचित.
घड्याळ मघापासून चालूच राहिलंय.

'मंद नाही, सर.'
'मग काय आहे?'
ते खरंच विचारतात. एक्केचाळीस पोरं, एक फळा,
वर जनगणनेचं काम.
'अक्षरं त्याला फसवतात. उत्तरं तोंडी घ्या.
सगळ्यांसमोर वाचायला उभं करू नका.
आणि आईबद्दल... काही माहीत आहे?'
सर खिडकीबाहेर बघतात.
'दिवाळीपासून नाही. बाप बोलत नाही. मी विचारलं नाही.'
मग पेन सापडेना म्हणून
खडूनं तळहातावर लिहून घेतात: तोंडी.

अहवालात शिफारशीची चौकट चार ओळींची.
चार भरल्या. बोधांक लिहिला,
त्याखाली 'सावधगिरीने वाचावा' असंही.
दहा आकड्यांना कुठं जागाच नव्हती.

लातूरच्या बसला खिडकी मिळाली.
तुरी निघालेली रानं, काळी, रिकामी.
कंडक्टरनं सुटे मागितले, दिले.
मोबाईल हातात होताच.
शून्यापासून सुरू होणारा नंबर
लागत नसतो, हे मला माहीत आहे.

लावून बघितला.