कलम चार

कूलरला नवी खस लागली त्या दुपारी
धंतोलीतल्या जिन्याखाली
सुकेशिनी गेडामने माझा करार वाचला.
'लवकरच'वर पेन टेकवला :
हा कोणता वार असते, बाप्पा?
तारीख टाक.

टाकली.
'थोडेफार बदल' खोडून 'दोनदा'.
काम मध्येच थांबलं तर निम्मे पैसे.
हात ओशाळला लिहिताना,
पंगतीत मीच उठून
स्वतःच्या पानात वाढून घ्यावं तसा.

सहा वर्षं लोगो, पत्रकं, दुकानांच्या पाट्या.
'आपलंच घर समज' म्हणाले सगळे.
किल्ली एकाही घराची नाही.

संध्याकाळी फोन आला,
'अरे, आपल्यात कशाला कागद?'
मी कूलरमध्ये पाणी भरत होतो.
नळी काढली,
म्हटलं,
आपल्यातच.