झाल्यात जमा

तार्तूत हिवाळ्यात सकाळी साडेआठला अजून अंधार असतो.
आम्ही सहाजण फळ्यासमोर, बूट ओले,
प्रत्येकाला दीड मिनिट:
काल काय केलं, आज काय, कुठं अडलंय.
उभ्याउभ्या बोललं की लांबण लागत नाही, असा समज.
हेइकीला तो लागू नाही.

रकाने तीन: करायचं. चालू. झालं.
मीच आखले, पट्टीनं. त्याआधी सतरा वर्षं
धक्क्यावर बोटीत चढणाऱ्या गाड्या मोजायचे मी.
तेव्हा रकाने दोनच होते, अलीकडे आणि पलीकडे.
मधल्या पाण्याला रकाना नव्हता.

चिठ्ठी पिवळी. तिच्यावर एक ओळ:
"बोट रद्द झाली की प्रवाशांना कळवा."
काम केवढं, ते ठरवायला पत्ते वाटले,
सगळ्यांनी एकदम उलटले.
दोन. दोन. तीन. दोन.
लेलोच्या हातात तेरा.

टोकाच्यानं बोलायचं, असा नियम.
ती बेटावरची. चुका शोधणं तिचं काम, बोलणं मोजकं.
"रद्द होते म्हणजे काय होतं, माहितेय?
कप्तान खिडकीशी उभा राहतो. कॉफी ओततो. पीत नाही.
वारा पडेलसं वाटतं. पडत नाही. पुन्हा वाटतं.
तुम्ही त्याला हो-नाहीची कळ समजताय."
जरा वेळ सगळे गप्प.
मग सौदा पाचावर मिटला, बाजारात मिटतो तसा.
तेराचं ओझं, पाचाच्या पिशवीत.

पहिल्या दिवशी कारेल म्हणाला, चालू आहे.
तिसऱ्या दिवशी, झाल्यात जमा.
चौथ्या दिवशी, झाल्यात जमा.
सातव्या दिवशी, जवळजवळ झाल्यात जमा,
म्हणजे काम मागंच सरकलं की काय.
मला जमा कळतं, खर्च कळतो.
झाल्यात जमा कुठल्या वहीत मांडायचं
ते कुणी शिकवलं नव्हतं.

उरल्या कामाचा आलेख असतो.
त्यातली एक रेघ घसरगुंडीसारखी तिरपी, कुणाचीच नसलेली.
दुसरी आमची. सपाट, गोठलेल्या समुद्रासारखी,
वरून बघताना वाटावं, गाडी जाईल हिच्यावरून.
हेइकीनं विचारलं, "टक्के किती?"
कारेल म्हणाला, "नव्वद."
नव्वद टक्के पलीकडे पोचलेली बोट
मी धक्क्यावरून पाहिलेली आहे.
तिच्यातून कुणी उतरत नव्हतं.

अकराव्या दिवशी त्याची पाळी आली.
त्यानं बुटांकडे पाहिलं.
"मला हे येत नाहीये."
एवढंच.
त्या फळ्यासमोर इतकं छोटं वाक्य
आधी कुणी बोललं नव्हतं.

लेलोनं चिठ्ठी काढली. जमेल रे, वगैरे म्हणाली नाही.
पेन मागितलं. "रद्द झाली की" खोडलं.
वर बारीक अक्षरात लिहिलं, "ठरत नसेल तर तेही".
खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली, तीन दिवस.

शनिवारी वारा सुटला.
बेटाकडे निघालेली तिची आई रांगेत अडकली,
मागच्या सीटवर दुरुस्त करून आणलेलं शिलाई मशीन.
सहा चाळीसला फोन थरथरला:
"अजून ठरलेलं नाही. कप्तान वारा बघतोय.
साडेसातला पुन्हा सांगू."
साडेसातला पुन्हा सांगितलं. तेच.
आई चिडली, आणि सीट मागं करून झोपली.

सोमवारी कारेलनं चिठ्ठी तिसऱ्या रकान्यात नेली.
चिकटेना.
इतक्या दिवसांची बोटं लागून मागचा गोंद गेला होता.
दाबली, पडली. उचलून पुन्हा दाबली, पुन्हा पडली.
कुणीतरी टेप आणायला गेलं.
हेइकी पुढच्या चिठ्ठीचे पत्ते वाटायला लागला.
मी अंगठ्यानं ती तिथंच दाबून धरून,
एक हात वर,
माझे पत्ते न बघता.