दार नसलेल्या दाराशी

अप्पच्चीची नोकरी दाराची होती.
दार मात्र नव्हतं.
चार पायऱ्या, तळाशी अर्ध्या चंद्राचा दगड,
दोन बाजूंना दोन नागराज,
आणि वर चढून गेलं की
एक पळूचं झाड, माकडं, आकाश.

विहाराच्या विटा कुणी नेल्या, कधी नेल्या,
पुरातत्त्व खात्याच्या वहीत नाही.
वहीत एवढंच : मुतुबंडा, रात्रपाळी,
बॅटरी एक, शिट्टी एक,
बूट एक जोड (एक नंबर मोठे).

मी डबा घेऊन जायचे.
लाल भात, कोवळ्या फणसाची भाजी, सुकी मासळी.
तो आधी नागराजाकडे बघायचा, मग डब्याकडे,
जसं वरिष्ठ जेवले का विचारावं.

मी फणा मोजायचे. डोक्यामागे सात.
दरवेळी सातच भरायच्या, तरी मोजायचे.
एकदा विचारलं, याची तलवार कुठंय?
बँकेच्या दारातल्या सिरिलमामाकडे बंदूक आहे,
आणि याच्याकडे बघा :
एका हातात भरला घडा, कळ्या उतू चाललेल्या,
दुसऱ्यात फुलांची डहाळी,
कमरेत किंचित कललेला,
चिंचोळ्या बोळात कुणाला वाट द्यावी
तसा अंग चोरून.

अप्पच्चीनं काटा काढला मासळीचा,
पानाच्या कडेला ठेवला.
दोन्ही हात गुंतलेत त्याचे, म्हणाला.
आता येणाऱ्यानं ठरवायचं.

*

ते आले अवसेच्या रात्री. व्हॅन घेऊन.
चौघे, एक मांत्रिक, एक काळा कोंबडा.
नागराजाशी त्यांचं काही नव्हतं.
त्यांना हवा होता पायाशी बसलेला बुटका,
आमच्याकडे त्याला बहिरव म्हणतात,
पोट सुटलेला, गाल फुगवून हसणारा.
म्हणे धनाची राखण तोच करतो.
म्हणे पोटातच ठेवतो.

अप्पच्चीनं शिट्टी फुंकली.
गाव अडीच मैलांवर.
त्यांनी त्याच्याच सारोंगनं त्याला पळूला बांधला
आणि पहारीनं बहिरवाचं पोट फोडलं.

आत दगड होता.
त्याच्या आत, दगड.
मग खाली खणलं कंबरभर,
निघालं घोरपडीचं बीळ, दोन मऊ अंडी.
मांत्रिक म्हणाला, कोंबडा चुकीचा आणलात.
भांडत निघून गेले, कोंबडा इथंच विसरून.
(चार वर्षं होता आमच्याकडे. फार माजोरी.)

सकाळी डबा घेऊन मीच पोचले.
गाठी सोडवताना तो दुसरीकडे बघत होता.
सारोंग नेसला. पाणी मागितलं नाही.
डबा रिकामा कर म्हणाला,
आणि गुडघ्यांवर बसून बहिरवाचं पोट
कण कण त्यात वेचू लागला.
रात्रभर डोळ्यांत तेल घालून बसलेला माणूस,
आता धूळसुद्धा सोडत नव्हता.

खात्यानं सिमेंट भरलं. रंग जुळला नाही.
बहिरव हसतोच आहे तसा,
पोटावर राखाडी ठिगळ घेऊन.
निवृत्त होताना अप्पच्चीनं बॅटरी परत केली, बूट परत केले.
शिट्टी हरवली म्हणून लिहून दिलं.
माझ्या पर्समध्ये आहे.

*

आता मी डंबुल्लाच्या रस्त्यावर, हॉटेलात.
फाटकाशी दोन नागराज, फायबरचे,
घड्यांत बल्ब, संध्याकाळी साडेसहाला लागतात.
बस थांबते. पाहुणे उतरतात,
त्यांच्या फणांना हात लावून फोटो काढतात,
पायऱ्या चढून येतात.
वर मी उभी :
एका हातावर शहाळ्याच्या पेल्यांचा ट्रे,
दुसऱ्यात ओल्या टॉवेलांची परडी.
कुणी घेतं. कुणी फोनवर बोलत पुढे जातं.
मॅनेजर म्हणतो, जरा वाकत जा, पुष्पमाली,
फार नको, कमरेत, किंचित.

वाकते.
पायाशी हसणारं कुणी नाही, एवढंच.