प च्या खणातला व

नौपाड्यात, राम मारुती रोडच्या आतल्या गल्लीत
गोगट्यांचा छापखाना होता. आता तिथे चष्म्याचं दुकान आहे.
मी तिथला जुळारी. बावीस वर्षं खिळे उचलले,
उलटी अक्षरं वाचायची इतकी सवय
की सुलट पाटीपुढे अजून क्षणभर अडतो.

एकाहत्तर साली गोठिवलीहून हसुराम म्हात्रे आला,
सदऱ्यावर मिठाचे पांढरे वळ, पिशवीत शाळेची वही.
गावदेवीची पोथी. एकशे आठ ओव्या. हजार प्रती.
"तुम्ही लिहिलीत?" मालकांनी विचारलं.
"नाय वो. आजी सांगाची, मी निसता लिवून घेतला."
"आणि आजीला कुणी सांगितलं?"
त्याने वर पाहिलं.
वर पंखा होता, बंद.

गावच्या विहिरीत खाडी शिरली होती त्या वर्षी.
त्रेसष्टावी ओवी तेवढ्यासाठीच:
माये, खारट पाणी गोड करी.

आदल्या रात्री मीच खिळे सोडवून खणांत टाकत होतो.
दिवे गेलेले. हात सवयीवर चाललेला.
एक व जाऊन पडला प च्या खणात.
सकाळी बोटांनी उचलला, डोळ्यांनी पाहिला नाही.
प्रूफ वाचणारे दातार काविळीने घरी.
आणि हजार प्रती निघाल्या:
माये, खारट वाणी गोड करी.

मला कळलं सात-आठ वर्षांनी,
लग्नपत्रिकांचा गठ्ठा पोचवायला गेलो तेव्हा.
देवळात बुवा त्याच ओवीवर तासभर बोलत होते,
"पाणी तर बैलही मागतो!
तुमच्या पूर्वजांनी वाणी मागितली."
मिठागराच्या बांधावरून एकमेकांवर कोयते उगारलेले
दोन सख्खे भाऊ
एका चटईवर बसून मान डोलवत होते.
मी चपला शोधल्या आणि निघालो.

मुलाला सांगितलं, तो हसला.
"सगळ्याच पोथ्या अशा, बाबा.
कुणाची तरी तहान, कुणाचा तरी हात,
आणि कुणीच न तपासलेलं प्रूफ."
सून कौशाची. ती हसली नाही.
"आमच्यात आधी पाठ असतं, मग कागद.
एक स्वर आखूड झाला तरी खाला
पहिल्यापासून म्हणायला लावायची.
तुमच्या त्या गावात
एकालाही पाठ नव्हतं?"

त्या प्रश्नाने झोप गेली.
गेल्या महिन्यात गोठिवलीला गेलो.
चार-चार मजली घरं, गच्चीवर काळ्या टाक्या.
हसुराम नाही. त्याची बहीण पोशीबाय आहे,
नव्वदीची धवलारीण, दात नाहीत, धवले सगळे आहेत.
तिला सगळं सांगितलं. खिशातून तो व काढला,
छापखाना मोडला तेव्हा तेवढाच मागून घेतला होता.
(तोच की दुसरा, देव जाणे. व सगळे सारखेच.)

तिने तो उन्हात धरला. "यो तं उलटा हाय."
"मावशी, पाणी होतं. मूळचं पाणी होतं."
"आजी पानीच म्हनाची," ती म्हणाली.
"आन् आजीची सासू कायतरी येगलाच म्हनाची.
मना आठवत नाय."
"म्हणजे माझ्या चुकीचं काही नाही?"
"तुजा बोट कोनी ढकलला, तुला काय ठाव?"
"कुणी नाही. दिवे गेले होते."
"तेच तं," पोशीबाय म्हणाली,
आणि तो व पदराच्या गाठीत बांधून टाकला.
मी मागितला नाही.

मग तिने नळाखाली तांब्या धरला.
छापखान्यात मालकांचा एकच नियम होता, भिंतीवर लिहिलेला:
खिळ्यांना हात लावल्यावर
हात धुतल्याशिवाय पाणी पिऊ नये. शिसं विषारी असतं.
तांब्या भरून वाहत होता.
मी तसाच तोंडाला लावला.