अकराव्या संत्र्याला

वरूडच्या बसस्टँडमागे, लढ्ढांच्या दुकानात
आईनं चपला दाराबाहेर काढल्या.
"राहू द्या काकू," हरीश म्हणाला.
तरी काढल्याच.
आत काचेच्या टेबलावर
तीन लॅपटॉप आ वासून बसलेले.

आई बावीस हंगाम अन्सारभाईंच्या शेडमध्ये संत्री छाटते.
मोठा, मध्यम, चुरी. डागी वेगळा, पोला वेगळा.
पोला म्हणजे सालीत फुगलेला,
फोडी आत सुटून बसलेल्या,
पेटीत सगळ्यात देखणा
आणि दिल्लीला पोचेस्तोवर चोथा.
डोळ्यांना तो सापडत नाही.
अंगठ्याला सापडतो.

पहिला चंदेरी, पापडाएवढा पातळ.
हरीश त्याची वंशावळ सांगत होता,
कितवी पिढी, किती जीबी.
आईनं बिजागरीजवळ अंगठा ठेवला
आणि दाबला.
पडद्यावर एक तरंग उमटला,
विहिरीत खडा पडावा तसा.
"पोला हाय."

"काकू, लॅपटॉप असा दाबत नसतेत."
"मंग कसा दाबतेत?"

दुसरा काळा, नागपूरच्या कुठल्या कंपनीत
पाच वर्षं नोकरी करून आलेला,
दोन-तीन अक्षरं बोटांनी खाल्लेली.
तो तिनं दोन्ही हातांत तोलला.
भरीव. पंचवीस हजार.
ती पिशवीची चेन उघडायलासुद्धा लागली.

"थांब वं आई. वजन तं गोट्यालेही असते."

बेनोड्याच्या पाइपलाइनचे नकाशे
मी कॅफेत बसून काढते, तासाला तीस रुपये.
फाइल उघडेपर्यंतच दहा रुपये जातात.
तीच फाइल पेनड्राइव्हमध्ये घालून आणली होती.
"गोडी समजते का अंगठ्याले?" मी विचारलं.
ती जरा गप्प झाली.
"नाई. त्यासाठी एक फोडा लागते."

काळ्याला लावला पेनड्राइव्ह.
गोल चक्र फिरू लागलं,
आणि आईचे हात आपसूक सुरू झाले, हवेतच,
उचल, फिरव, टाक. उचल, फिरव, टाक.
चौतीसाव्या फळाला नकाशा आला,
तोही टाकीपर्यंतच, पुढं पांढरं.
पोल्यानं सातव्यालाच सगळं दाखवलं, व्हॉल्व्हसकट.
आईनं खालून हात लावला. "तापला पाय."
"सत्तावन्न," हरीश हळूच म्हणाला,
आणि हप्त्यांचं काहीतरी,
जे आम्हा दोघींना एकदमच ऐकू आलं नाही.

तिसरा कोपऱ्यात. शोकेसमधला.
दिवाळीत शटर आदळलं होतं त्याच्यावर,
एका टोकाला पोचा.
रंग राखेचा, ना जाड ना पातळ.
अकराव्या संत्र्याला उघडला.
अंगठा दाबला, तरंग नाही.
पोच्यावरून तिनं नख फिरवलं,
"हा सालीवरचा हाय."

एकेचाळीस म्हणाला. डागी माल
डागीच्या भावात दे म्हणाली.
सदतीसवर दोघंही अडून बसली,
चहा आला, थंड झाला.
मग मी विचारलं,
वर्षभर शोकेसमध्ये चालूच ठेवला होता ना हा?
बॅटरी किती उरली दाखवता का?
हरीशनं माझ्याकडे पाहिलं,
अन्सारभाई आईकडे पाहतात तसं.
पस्तीस. बॅग फुकट.

घरी येताना बसमध्ये बॅग तिच्याच मांडीवर.
रात्री वीज गेली, उजेड तेवढा त्याचाच.
ती नकाशात आमचं घर शोधत होती.
"लाइन शाळेपर्यंतच हाय," मी म्हटलं.
"बरं," म्हणाली, आणि सवयीनं
झाकणाच्या कडेला अंगठा दाबून पाहिला.

सकाळी कडेवर ठसा होता,
पिवळट, तेलकट, सालीच्या वासाचा.
मी पुसून टाकला.
संध्याकाळी पुन्हा होता.