चासी प्रिंट

माझा हात बारीक होता म्हणून ते काम माझ्याकडं.
बॉनेटखाली कोपरापर्यंत काळी होत
पतंगाचा पातळ कागद नंबरावर धरायचा
आणि वरनं शिसपेन्सिल आडवी फिरवायची, हळू.
आधी काहीच नसतं.
मग पाचाचं पोट येतं, सातची काठी,
मग अख्खी ओळ, काळ्यातून पांढरी.
एक ठसा आरटीओच्या साहेबाला,
एक माझ्या वहीत, डिंकानं.
आप्पा म्हणायचे, रंग खोटं बोलतो, मीटर तर बोलतोच,
नंबराला ते जमत नाही.

पारिसा मगदूमांची मॅटाडोर सोमवारी टोचन लावून आली.
कुरुंदवाडचं दूध, रोज पहाटे, सव्वीस वर्षं.
मीटर तीनदा शून्याला जाऊन आलेला, चौथ्यांदा थांबला,
गाडी चालतच राहिली.
हेड काढलं. तिसऱ्या सिलिंडरची भिंत बोटाला लागली
विहिरीच्या काठाला दोरानं कापावं तशी.
"रिबोअर?" अण्णांनी विचारलं.
दोनदा झालंय. आता भिंतीत लोखंड उरलं नाही.
अण्णा इंजिन नसलेल्या गाडीत जाऊन बसले,
स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून, बराच वेळ.
नवी घ्या म्हणायला कुणाची जीभ वळेना.

शिरोलीच्या भंगारातून इंजिन आणलं,
बावीस हजारांचं घासाघीस करून साडेएकोणीसला.
चेनब्लॉकला लोंबत, स्वतःभोवती अर्धा फेरा घेत
ते खाली उतरलं, लाकडी ओंडक्यांवर टेकलं.
माझा हात आता जाड झालाय, तरी काम माझंच.
कागद धरला. पेन्सिल फिरवली.
पाचाचं पोट. सातची काठी. परत सात.
आणि शेवटच्या आठाचं डोकं जरा तिरकं,
पंच मारणाऱ्याचा हात त्या दिवशी हलला असेल.

वही काढायची गरज नव्हती, तरी काढली.
पान अकरावं. माझ्या चौथीतल्या अक्षरात: आमची गाडी.

पांढरी अँबॅसिडर. पेट्रोल परवडेना
म्हणून आप्पांनी तिच्या पोटात मॅटाडोरचं डिझेल बसवलेलं,
माउंटिंग स्वतः कापून, उद्यमनगरात रात्रीचं वेल्डिंग करून घेऊन.
जोतिबाच्या घाटात ती कुरकुरत चढायची
आणि मागच्या सीटवरून आई म्हणायची,
थकली बघा बिचारी, थांबा जरा.
आई दवाखान्यात असताना विकली,
गारगोटीच्या एका वडापवाल्याला.
पैसे पुरले. उरलेले बाराव्याला लागले.

आप्पा सायलेन्सरच्या नटाशी झटत होते, चष्मा कपाळावर.
सांगितलं असतं तर हे इंजिन
मगदूमांच्या गाडीत गेलंच नसतं.
कोपऱ्यात पोत्याखाली राहिलं असतं,
दर अमावस्येला नारळ, आणि बाकी गंज.
आणि दूध दुसऱ्या कुणाच्या तरी टेम्पोत.
मी कागदाची घडी घातली.

"निघाला का नंबर?"
निघाला.
"स्वच्छ?"
शेवटचा आठ तिरका आहे.
पाना थांबला.
शेजारच्या लेथवर एक अख्खा शाफ्ट उतरेपर्यंत
थांबून राहिला.
"असू दे," आप्पा म्हणाले. "साहेबाला चालतं."

गुरुवारी संध्याकाळी सेल्फ मारला.
पहिल्याला नाही, दुसऱ्यालाही नाही,
मग एक काळा ढेकर, आणि लागली.
बोनेटवरचे दोन बोल्ट नाचत नाचत खाली पडले,
अण्णा पोरासारखे हसले,
किल्ली फिरवून बंद केली, परत लावली, उगीचच.
आप्पांनी खिडकीशी जाऊन
फडक्यानं हात पुसत, खालमानेनं सांगितलं,
घाटात दामटू नका. थकली की थांबा जरा.

"कुठला घाट हो मिस्त्री?" अण्णा म्हणाले,
"कुरुंदवाडला?"